सातव्या कॉलमातला थेंब

मिस्त्री, गळती सापडली. पहिलं पान, सातवा कॉलम, खालून चार बोटं वर. एकूण तीन थेंब. रंग लाल. वेळ सकाळची सहा चाळीस, गाडी पूर्ण थंड.

तुम्हाला एवढं पुरलं असतं. तुम्ही कागदाकडे न बघताच सांगितलं असतं की रेडिएटरच्या खालच्या नळीचा जोड आहे, उजवीकडचा, आणि हात पुसत चहा सांगितला असता. पण तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी तुमचं गॅरेज पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी थोडं मागून सांगावं लागेल. तुम्ही तोवर थांबा. थांबणं तुम्हाला जमायचं, मला नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

बालाघाट शहरातून बैहर रोडला लागलं की डाव्या हाताला तुमचं पत्र्याचं गॅरेज. बैहरच्या जीपा, उकव्याच्या खाणीवर माणसं नेणाऱ्या गाड्या आणि माझ्यासारख्या चार-दोन जणांच्या जुन्या मोटारी, एवढीच तुमची गिऱ्हाइकं. नागपूरहून येणारा आमचा मराठी पेपर तुमच्याकडे रोज यायचा. नऊपर्यंत तुम्ही तो वाचायचे. नऊनंतर पेपर कामाला लागायचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, तेलाचे डाग पडू नयेत म्हणून तुम्ही गाडीखाली पेपर घालता. दुसऱ्यांदा लक्षात आलं की पेपर नेहमी एकाच पद्धतीनं पडतो. पेपरचं नाव पुढच्या बंपरकडे. मधली घडी बरोबर नंबर प्लेटच्या मध्यावर. पहिलं पान ड्रायव्हरच्या बाजूला, शेवटचं पान डावीकडे. मी विचारलं, असं का?

"साहेब, तुमी पेपर लिहता अन तुमालेच माहीत नाही? आठ कॉलम हायेत ना? मंग मोजपट्टी कायले पाह्यजे?"

मग तुम्ही समजावलं. पाण्याच्या पंपातून गळालं तर थेंब शेवटच्या पानाच्या दुसऱ्या-तिसऱ्या कॉलमात पडतो. खालची नळी पहिल्या पानाच्या सातव्यात. हीटरची नळी अगदी तळाशी, जिथे मुद्रकाचं नाव छापलेलं असतं तिथे. गाडीखाली न शिरता, फक्त कागद ओढून घेऊन तुम्ही निम्मं निदान करायचे. कागद वाळला की त्यावर पेन्सिलीनं गाडीचा नंबर लिहायचे, गाडी 'ठंडी' होती की 'गरम' ते लिहायचे, आणि तो तारेच्या आकड्याला टोचायचे. पस्तीस वर्षं मी बातम्या लिहिल्या. त्या इतक्या बारकाईनं कुणी वाचल्या नसतील.

आमच्या मालकांनी पेपरची रुंदी कमी केली, तेव्हा एकाही वाचकाची तक्रार आली नाही. तुमची आली. "मालकाले सांगजा, कॉलम बारीक केले त माहा पंप तिसऱ्यातून दुसऱ्यात गेला." मी खरंच सांगितलं. मालकांना ते कळलं नाही.

एक नियम तुम्ही कधी मोडला नाही. पेपर गाडीखाली घालण्याआधी तुम्ही तो उलगडायचे आणि ज्या पानावर गेलेल्या माणसांचे फोटो आहेत, श्रद्धांजलीच्या जाहिराती आहेत, ते पान काढून बाजूला ठेवायचे. "त्याच्यावर माणसं हायेत." पहिल्या पानावरच्या नेत्यांना ही सवलत नव्हती. "त्याईच्यावर पडू द्या. त्याईले सवय हाय."

मला तुमच्या या विद्येची परीक्षा घ्यायची होती. तुम्ही म्हणायचे, डाग वाळला की पाणी कुठलं भरलंय तेही कळतं. इथले बहुतेक ड्रायव्हर कूलंट न भरता जिथे गाडी थांबेल तिथलं पाणी ओततात, आणि प्रत्येक गावचं पाणी वाळल्यावर वेगळी कडा सोडतं. मी तीन बाटल्या आणल्या. तीन थेंब कागदावर वाळवले आणि तुमच्यापुढे ठेवले. पहिल्याची काळसर कडा बघून तुम्ही उकवा म्हणालात. बरोबर. दुसऱ्याला वारासिवनी म्हणालात. चूक, ते हट्टा गावचं होतं. तिसरा कागद उन्हात धरून म्हणालात, "हे तुमच्या घरच्या फिल्टर मशीनचं हाय. याले डागच नाही." बरोबर. तिनात दोन. पण हट्ट्याचं तुम्ही मान्य केलं नाही. "तुमी बावडीतलं आणलं असन. हापशीचं असतं त मी सांगतलं असतं." मी हापशीचंच आणलं होतं. तो वाद राहिला.

आता माझ्या गाडीचं.

गाडी चौदा वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिच्या पाण्याच्या बाटलीतली पातळी आठवड्याला बोटभर उतरू लागली. घरी गाडी मातीवर उभी असते, खाली कुठे ओल दिसत नाही, इंजिन तापत नाही. मी तुमच्याकडे आलो. तुम्ही तीन गोष्टी तपासल्या. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. सुरू इंजिनात बाटलीचं झाकण उघडून पाहिलं, बुडबुडे नव्हते. सायलेन्सरशी हात धरून वास घेतला. मग म्हणालात, "पाण्याले तीनच रस्ते. खाली पडन, नाही त इंजनात जळन, नाही त गाडीच्या अंदर येईन. जळून नाही राह्यलं. तुमच्या पायाखालचं कार्पेट सुकं हाय. मंग खालीच पडून राह्यलं."

"खाली तर काहीच नाही."

"गाडी ठंडी आणा."

मी तीनदा आलो आणि तिन्ही वेळा गाडी गरम होती. घरून निघून तुमच्यापर्यंत आणली की ती गरम होणारच. तुमचं म्हणणं साधं होतं. रबर आणि लोखंड थंडीत आकसतात, जोड किंचित सैल होतो आणि थेंब सुटतो. इंजिन तापलं की सगळं फुगतं आणि जोड आपोआप बंद होतो. म्हणून गाडी एक रात्र तुमच्याकडे सोडायची आणि सकाळी, किल्ली फिरवण्याआधी, कागद बघायचा. माझ्याकडे एक रात्र नव्हती, आणि घरी कागद घालून बघण्याएवढा धीरही नव्हता. तुम्ही विचारलं होतं, "बातमी बी अशीच गरम गरम लिहता का साहेब? मंग त्याच्यातली गळती बी कोणाले दिसत नसन." सुखदेव, तुमचा धाकटा भाऊ, टायर खोलता खोलता हसला. मीही हसलो.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्हाला सांगितलं नाही. ते इथे क्रमानं लिहितो.

गोंदियाला एका लग्नाला गेलो असताना गाडी तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली. त्यांनी गरम गाडीला हवेचा पंप लावला. दाबाचा काटा उतरला नाही. ते म्हणाले, बाहेर गळत नाही म्हणजे आत जळतंय, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडावा लागेल. मी थांबा म्हटलं. त्यांनी जुनं हिरवं कूलंट काढून लाल भरलं आणि इंजिनाच्या पोटाखाली नसलेलं प्लास्टिकचं कव्हर नवीन बसवलं. कामाच्या कागदावर दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या. मी तो कागद वाचला होता. हे कव्हर चार वर्षांपूर्वी तुम्हीच काढून ठेवलं होतं. कव्हर असलं की थेंब त्यावर पडतो, इंजिनाच्या उष्णतेनं तिथेच वाळतो आणि कागदापर्यंत येत नाही, हे तुम्ही तेव्हा मला सांगितलं होतं. मी विसरलो होतो, असं लिहिलं तर ते अर्धं खरं होईल.

परत आलो तेव्हा तुम्ही खुर्चीवर बसलेले होतात. गाडीखाली वाकणं तुम्हाला त्या महिन्यात जमत नव्हतं. पोटात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं आणि तुम्ही नको म्हणाला होतात, हे मला गॅरेजवरच कळलं. तुम्ही किल्लीसाठी हात पुढे केलात. म्हणालात, "आज गाडी सोडूनच जा."

त्या वेळी मी गाडी सोडली. कागद सुखदेवनं काठीनं आत सरकवला. सकाळी आलो तेव्हा तुम्ही शाल घेऊन माझ्या आधी येऊन बसला होतात. कागद बाहेर ओढला. एकही डाग नाही. कोरा. तुम्ही रेडिएटरचं झाकण काढायला सांगितलं, मान लांब करून आत पाहिलं.

"रंग बदलला."

"बैहरच्या रस्त्यावर कमी झालं होतं. तिथे भरलं."

"हौ. भरलं असन." तुम्ही माझ्याकडे पाहिलं. "अजून काही?"

"नाही."

पस्तीस वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारत आलो आहे. मुलाखत संपताना, वही मिटायच्या आधी, अजून काही? याच प्रश्नाला माणसं खरं सांगतात, हे मी नव्या पोरांना शिकवलं आहे.

मग आपला शेवटचा वाद झाला. मी म्हणालो, कागद कोरा आहे, तरी तुम्ही बाहेरच गळतंय म्हणता, याला पुरावा काय? तुम्ही म्हणालात, "कोरा कागद म्हणजे गळत नाही असं नाही साहेब. कागदाले भेटलं नाही, एवढंच." मी म्हणालो, मग हेड उघडून एकदा बघायला काय हरकत आहे? तुमचा आवाज त्या सकाळी पहिल्यांदा चढला. "इंजन नका उघडू. चांगलं इंजन हाय. उघडलं का मंग ते पहिल्यासारखं बसत नाही. भेटन थेंब. आपण सोबत पाहू."

अकरा दिवसांनी तुम्ही गेलात.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. वंदना झाली, लोक तुमच्याविषयी बोलले. नंतर चहाच्या वेळी सुखदेव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादाचं शेवटी शेवटी ध्यान नव्हतं साहेब. तुमच्या गाडीचंच पाहा ना. कागद साफ कोरा, अन दादा एकच धरून बसला, बाहेर गळते, बाहेर गळते. मी बोललो नाही. मोठा भाऊ. काय बोलाव?"

त्याचा आवाज त्याला वाटला तेवढा हळू नव्हता. वहिनींनी, तुमच्या पत्नीनं, ऐकलं. माणसं पांगल्यावर त्यांनी मला ओसरीवर थांबवलं.

"भाऊ, तुमच्या गाडीचं खरं काय निघते, ते मले सांगजा."

मी म्हटलं, वहिनी, आता गाडीचं राहू द्या.

"गाडीचं नाही म्हणून राह्यली मी." त्या खाली बसल्या. "ऑपरेशनले ते नाही म्हणाले. पोरगी म्हणे, जबरदस्ती करू. मी म्हटलं, नाही. त्याईले समजते, त्याईनं विचार केला असन. मी त्याईचं ऐकलं. आता सुखदेव म्हणते, ध्यानच नव्हतं. मंग ध्यान नसलेल्या माणसाचं मी काहून ऐकलं? तुमी सांगा, काहून ऐकलं मी?"

गाडीच्या गळतीवरून माणसाच्या निर्णयाबद्दल काही सिद्ध होत नाही. हे मला माहीत होतं आणि, मला वाटतं, त्यांनाही होतं. पण तुमच्या शेवटच्या महिन्यातलं तपासून पाहता येईल असं एकच म्हणणं मागे राहिलं होतं. ते माझ्या गाडीबद्दल होतं, आणि ते तपासायला लागणारी माहिती फक्त माझ्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी गॅरेजवर सोडली. सुखदेवला सांगितलं, खालचं कव्हर काढ.

"कोणतं कव्हर? दादानं कवाच काढलं ते."

"बघ."

तो खाली शिरला. प्लास्टिकवर बोटं वाजली. मग गाडीखालूनच विचारलं, "हे कोणं बसवलं?"

मी सांगितलं. गोंदिया, पंप, लाल कूलंट, सगळं. त्यानं कव्हर ओढून बाहेर काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. आतल्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढा लालसर थर वाळून बसला होता. थरावर थर, कडा वर आलेल्या. तुम्ही असतात तर किती दिवसांचा आहे ते सांगितलं असतं. सुखदेवनं नखानं खरवडून वास घेतला, तुमच्यासारखाच, डोळे बारीक करून.  दिवस मावळायच्या आत त्या दिवशीचा पेपर घेतला, माणसांचं पान काढून ठेवलं, नाव बंपरकडे, घडी मध्यावर, आणि गाडीखाली घातला. या वेळी काठीनं नाही. पोटावर झोपून.

सकाळचं वर सांगितलंच आहे. नळीच्या जोडावर एक स्क्रूची क्लिप आवळून काम झालं. पाण्याच्या पातळीवर मी बाटलीला पेनानं रेघ मारली आहे. आज चौथा दिवस. पातळी रेघेवर आहे. इंजिन उघडलेलं नाही.

वहिनींना सांगायला गेलो तेव्हा त्यांच्यासमोर तुमचा तारेचा आकडा होता. सुखदेव ती रद्दी काढणार होता म्हणून त्या घरी घेऊन आल्या होत्या. मी जे झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग त्याईचा बी एक कागद असन ना तुमच्या गाडीचा? पाहा."

सगळ्यात वरचाच होता. कोरा. गाडीचा नंबर. आणि खाली तुमच्या पेन्सिलीत, इतर कागदांवर असायचं त्याहून जास्त:

'गाडी ठंडी. कागद कोरा. पटत नाही. पाणी लाल, कुठं तरी काम झालं. खाली कव्हर बसवलं असन. साहेब सांगतीन.'

मी ते वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं.

"हे कवाचं हाय?"

"ते गेले त्याच्या अकरा दिवस आधीचं."

"म्हणजे ध्यान होतं."

"पूर्ण होतं, वहिनी. माझ्यापेक्षा जास्त."

त्यांनी कागदावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "अन तुमी नाही सांगतलं."

"नाही."

"काहून?"

"दुसरीकडे गाडी दाखवली, याची लाज वाटली."

"अरे बाप्पा." त्यांना त्या दिवसांत पहिल्यांदाच हसू आलं असावं. ते फार टिकलं नाही. "गोंदियाले त ते सोता पाठवत लोकाईले. हे माह्या हातचं नाही, तिकडं जा म्हणत. तुमाले काही बोलले असते का? दोन शिव्या देल्ल्या असत्या, चहा पाजला असता."

मिस्त्री, एक प्रश्न तुम्हाला विचारायचा आहे. तुम्हाला कव्हरचा संशय होता, तर सुखदेवला 'खाली वाकून पाहा' एवढं सांगणं पुरेसं होतं. दोन मिनिटांचं काम. तुम्ही ते सांगितलं नाही. मी सांगेन म्हणून थांबलात. अकरा दिवस थांबलात. त्या दिवसांत मी दोनदा गॅरेजवरून गेलो. एकदा तुम्ही खुर्चीवर होतात, हात वर केलात. मी हॉर्न वाजवला आणि पुढे गेलो. तुम्ही माझी वाट पाहत होतात, की हाही एक प्रकारचा कागद होता, खाली घालून ठेवलेला, काय पडतं ते बघायला? मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही शक्यता नोंदवून ठेवतो.

ऑपरेशनचं मी वहिनींना खरं तेच सांगितलं. तुमचा तो निर्णय बरोबर होता की नाही, हे या कागदावरून कळत नाही.

"ते मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "बरोबर का चूक, ते त्याईचं. ध्यानावर होते, एवढंच पाह्यजे होतं मले." मग आकड्यावरून तो कागद काढून त्यांनी घडी घातली. "हे तुमी लिहून द्या. सुखदेवनं चार लोकाईत सांगतलं, त तुमी चार लोकाईत लिहा."

म्हणून लिहिलं. शेवटच्या महिन्यात ते पूर्ण शुद्धीत होते. माझ्या गाडीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते खरं निघालं. कागद कोरा राहिला, कारण मी एक गोष्ट सांगितली नव्हती. चूक त्यांच्या निदानात नव्हती.

कार्यालयातून फोन आला की मजकुराबरोबर एक चांगला फोटो पाठवा. वहिनींकडे मागितला. त्यांनी पेटीतून काढला, पदरानं पुसला आणि परत ठेवून दिला.

"फोटो नका छापू भाऊ. फोटो छापला त सुखदेव ते पान बाजूला काढून ठेवन. नाही छापला, त कामी येईन."

म्हणून या मजकुरासोबत तुमचा फोटो नाही.